वाचक विचारतात: ऑडिओबुक कंटाळवाणं का वाटतं?

प्रश्न: नमस्कार दादा. डोळे दुखतात म्हणून मुलीने मोबाईलवर ऑडिओबुकचं ॲप घालून दिलंय, स्वयंपाक करता करता ऐकते. पण काही पुस्तकं दहा मिनिटांत बंद करावीशी वाटतात. त्यातली एक कादंबरी तर मी पूर्वी हातात घेऊन एका बैठकीत संपवली होती! दोष माझ्या कानांचा, मोबाईलचा की वाचणाऱ्याचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर: काकू, कादंबरी तीच आहे आणि आवडलेली आहे, म्हणजे गोष्टीचा दोष नाही हे नक्की. आता एक करा, तेच प्रकरण दुपारी शांत खोलीत इअरफोन लावून ऐका. तिथे शब्द नीट कळले तर भानगड स्वयंपाकघराची आहे. आपल्या बोलण्यातले स्वर दणदणीत असतात पण स, श, फ, थ हे आवाज मुळातच बारीक, आणि नळाचं पाणी, फोडणी, एक्झॉस्ट फॅन नेमके तेच गिळतात, मग व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी नुसता गलका वाढतो आणि शब्द अर्धेच कळतात. अर्धे शब्द मेंदूला अंदाजाने भरावे लागतात, त्याचा थकवा येतो आणि आपल्याला वाटतं पुस्तकच बोअर आहे. (शांत खोलीतही, आणि टीव्हीवरचं बोलणंसुद्धा अस्पष्ट वाटत असेल तर मात्र कान एकदा तपासून घ्याच.)

शांत खोलीत शब्द कळले पण मन लागलं नाही, तर मग वाचणारा किंवा रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचं लवकर लक्षात येतं, खोली घुमते, एखादं वाक्य दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करून जोडलेलं कळतं, कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा तर पुढची आरोळी कानात घुसते. ऑडिबल या ऑडिओबुकच्या ॲपसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्स या सेवेचा यासाठी नियमच आहे, सरासरी आवाज उणे 23 ते उणे 18 डेसिबलमध्ये हवा आणि खोलीचा आवाज उणे 60 च्या खाली (रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सर्वात मोठा आवाज शून्य धरून खाली मोजतात, म्हणून उणे). आणि वाचन चालू असताना मागे सतत बासरी-सतार वाजवतात ते मला अजिबात पटत नाही, शब्दांना जागाच राहत नाही.

पण खरी गोष्ट वाचणाऱ्याची. छापील कादंबरीत "मी येणार नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली, असं वाक्य असतं. "दबक्या आवाजात" हे संवाद संपल्यावर येतं, म्हणजे वाचणाऱ्याने ते पान आधी वाचलेलं हवं, नाहीतर तो "मी येणार नाही" ठणठणीत म्हणून मोकळा होतो आणि मग सांगतो की ती दबक्या आवाजात म्हणाली! असं दोन-तीनदा झालं की पात्रावरचा विश्वास उडतो. तसंच चार आणि चारा यांतला च एकसारखा उच्चारणारे, किंवा गावाकडचं माणूस बोललं की लगेच टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा सूर लावणारे. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढायची काहीच गरज नाही, थोडी लय बदलली तरी पुरतं. उलट बायकांसाठी बारीक आवाज काढणारे पुरुष ऐकवत नाहीत.

लिब्रिव्हॉक्स या वेबसाइटवर 2005 पासून जगभरचे हौशी लोक कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट वाचताहेत, काही पुस्तकांत तर प्रकरणागणिक आवाज आणि खोली बदलते, तरी जीव ओतून वाचणारा भेटला की मागची घरघर विसरायला होते. याच्या उलटं कधी होत नाही, चकचकीत स्टुडिओ कोरड्या वाचनाला वाचवत नाही. म्हणून पुस्तक घेण्याआधी नमुना ऐकाच, आणि त्यात संवाद आहेत का ते बघा. वाचन नुसतं संथ असेल तर स्पीड 1.1 किंवा 1.2 करा, आवाज चिरका होत नाही. कथा-कादंबरीला त्याच्या फार पुढे नको, मधले थांबे आवळले जातात आणि विनोद तर हमखास मरतो.

प्रश्न: लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोनने ऐकताना आवाज मधेच डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बदलू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नका बदलू. मीटिंगचं एखादं ॲप मागे उघडं राहिलं असेल आणि त्याने हेडफोनचा माईक चालू केला असेल. माईक चालू झाला की ब्लूटूथ बऱ्याचदा कॉलच्या मोडवर जातं आणि आवाजाचा दर्जा घसरतो. ते ॲप पूर्ण बंद करा, किंवा सेटिंगमध्ये माईक लॅपटॉपचा निवडा.