मार्लीच्या पुढे काय ऐकायचं?

प्रश्न: बॉब मार्लीची फेमस गाणी पाठ झालीत. आता जुनं-नवं रेगे, म्हणजे जमैकाचं हे संगीत, कुठून सुरू करू?

उत्तर: बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्व्ही' हा अल्बम लावा, आणि हेडफोनवरच लावा हं, मोबाईलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि रेगेत सगळा भार बासवरच असतो. गिटार ऑफबीटवर, म्हणजे जोरकस मात्रा सोडून मधल्या मात्रांवर, छक छक करत राहते, वन ड्रॉप नावाच्या ठेक्यात तर चारपैकी पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतात आणि ड्रमचा दणका तिसरीवर, एकदा हे कानात बसलं की सुटत नाही बघा. टूट्स अँड द मेटाल्स हा बँड पण ऐकाच, त्यांच्या १९६८ च्या गाण्यानं रेगे हे नाव रूढ केलं.

मला सगळ्यात आवडतो तो डब, म्हणजे तयार रेगे रेकॉर्डिंग मिक्सरवर मोडून केलेला नवा अवतार. किंग टबी मुळात इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाला, जमैकाच्या किंग्स्टनमध्ये मिक्सरवर बसून गायकाचा आवाज काढून टाकायचा, मधेच एखादा शब्द इको देऊन सोडायचा आणि त्याच रेकॉर्डिंगचं नवीन गाणं व्हायचं!

नव्यांत क्रॉनिक्सचा 'क्रोनॉलॉजी' हा अल्बम ऐका, आणि कॉफी ही गायिका, जिनं २०२० मध्ये 'रॅप्चर'साठी रेगेचं ग्रॅमी घेतलं तेव्हा ती फक्त १९ वर्षांची होती.