मेथीचं पाणी की अर्काची कॅप्सूल?

प्रश्न : वय ४२. उपाशीपोटी साखर १०८, इन्सुलिन १५. डॉक्टरांनी इन्सुलिन रेझिस्टन्स सांगून मेटफॉर्मिन सुरू केलंय. तीन महिने रोज सकाळी मेथीचं पाणी पितेय, दाणे टाकून देते. फरक नाही. आता गुडमार अर्काच्या कॅप्सूल घेऊ का?

उत्तर : आधी तुमचेच आकडे घ्या. १०८ गुणिले १५, भागिले ४०५, म्हणजे ४. हा होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा. साधारण अडीचच्या वर गेला की रेझिस्टन्स धरतात, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. ही रेषा सगळीकडे एकच नसते.

मेथीचं म्हणाल, तर कामाचं तेच तुम्ही टाकून देताय. भिजलेला दाणा बोटांत चोळून बघा, बुळबुळीत लागेल. हा चिकट तंतू, गॅलॅक्टोमॅनन, आतड्यात जेलीसारखा फुगतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. पाण्यात तो थोडाच उतरतो. दाणे चावून खा, नाहीतर जाडसर भरडून ताकात किंवा थालीपिठात घाला. पहिला आठवडा एकच सपाट लहान चमचा. मग हळूहळू दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन चमचे, दोन जेवणांत विभागून. एकदम वाढवलं की पोट फुगतं, जुलाब होतात. कडू लागत असेल तर मोड आणा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मधे चार तास जाऊ द्या. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढी मेथी खाऊ नये.

गुडमार ही औषधी वेल. तिची खरी करामत जिभेवर. पान चावून वर साखर टाकली की वाळू खाल्ल्यासारखी लागते. कॅप्सूल जिभेला शिवतच नाही! पोटात गेल्यावर साखर थोडी उतरते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, पण रेझिस्टन्स कमी होतो म्हणायला पुरावा तोकडा आहे. घ्यायचीच असेल तर डबीवरच्या ‘१०:१’ला भुलू नका. १० किलो पाल्यापासून १ किलो अर्क, एवढाच त्याचा अर्थ. जिम्नेमिक आम्लं, म्हणजे गुडमारमधले कामाचे घटक, किती टक्के, ते छापलेलं हवं. सोबत ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी असेल तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर सुटू शकते.

मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका. त्याचंही मूळ वनस्पतीतच आहे : युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपात. त्यातलं गॅलेगीन हे द्रव्य विषारी निघालं, म्हणून त्याच्या जातकुळीतली सौम्य औषधं शोधली गेली.

बारा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, उपाशीपोटी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. मधल्या काळात घामाला आणि लघवीला मेथीचा वास येईल, त्यानं घाबरू नका.