वाचकांचे प्रश्न: एक्स-रे नळीत नेमकं काय घडतं?

या वेळच्या टपालातले चार प्रश्न एकाच यंत्राचे होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की क्ष-किरण निघतात, एवढंच पुस्तकात दिलंय. आपटल्यावर आत होतं काय? आणि धातू टंगस्टनच का?
(बारावीची विद्यार्थिनी, चोपडा)

आधी इलेक्ट्रॉन कुठून येतात ते पाहू. निर्वात नळीत कॅथोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, बाजूला टंगस्टनच्या तारेची बारीक गुंडाळी असते. तिच्यातून तीन ते पाच अँपिअर प्रवाह गेला की ती लखलखीत तापते आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. अशी नळी विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये बनवली. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये ज्या नळीसमोर हे किरण पाहिले, तिच्यात थोडा वायू शिल्लक असे आणि प्रवाह त्या वायूच्या दाबावर कमीजास्त होई.

समोर अ‍ॅनोड, म्हणजे धन टोक. दोघांमध्ये १०० किलोव्होल्ट लावले, की इलेक्ट्रॉन काही सेंटिमीटरच्या अंतरातच सेकंदाला सुमारे १ लाख ६४ हजार किलोमीटर वेग गाठतो. तो धातूत शिरतो, पण केसाच्या जाडीइतकाही खोल जात नाही. बहुतेक इलेक्ट्रॉन तिथल्या अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत देत ऊर्जा गमावतात, आणि त्याची नुसती उष्णता होते. क्ष-किरण निघतात ते दोन वेगळ्या घटनांतून.

पहिली घटना: इलेक्ट्रॉन अणुकेंद्राच्या अगदी जवळून जातो, केंद्राच्या धनभारामुळे वळतो, त्याचा वेग मंदावतो, आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. कुणी जवळून जातो, कुणी जरा लांबून, म्हणून या किरणांत सगळ्या ऊर्जांची सरमिसळ असते. पण वरची मर्यादा पक्की: १०० किलोव्होल्टच्या नळीतून १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा किरण निघूच शकत नाही.

दुसरी घटना: इलेक्ट्रॉन अणूच्या सर्वांत आतल्या, म्हणजे के कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवून देतो. रिकामी जागा भरायला वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि फरकाची ऊर्जा किरणरूपाने सोडतो. ती त्या धातूची ठरलेली ऊर्जा. टंगस्टनसाठी सुमारे ५९ आणि ६७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. के कक्षेतला इलेक्ट्रॉन सोडवायला ६९.५ लागतात. म्हणजे ६५ किलोव्होल्टला काढलेल्या फोटोत हे ठरलेल्या ऊर्जेचे किरण अजिबात नसतात. परीक्षेत हा मुद्दा आवर्जून लिहा, बरेच जण विसरतात.

टंगस्टन का? त्याचा अणुक्रमांक ७४, म्हणून केंद्राचा ओढा जबर. आणि वितळबिंदू ३४२२ अंश. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, कारण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी जेमतेम १ टक्का क्ष-किरणांत जाते. उरलेले ९९ टक्के उष्णता. स्तनाच्या तपासणीला मात्र कमी ऊर्जेचे किरण हवेत, म्हणून तिथे मॉलिब्डेनमचं टार्गेटही (इलेक्ट्रॉन आपटतात तो धातू) वापरतात.

प्रश्न: बटण अर्धं दाबल्यावर घरघर आवाज येतो, मग फोटो. बरेच जण अर्ध्यावर बोट ठेवून पेशंटला सूचना देत बसतात. त्याने काही बिघडतं का? उन्हाळ्यात मशीन मध्येच थांबतं, ते का?
(एक्स-रे तंत्रज्ञ, शहादा)

बिघडतं. तो आवाज अ‍ॅनोडची चकती फिरण्याचा. मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेत असल्याने इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी न पडता कडेच्या पट्ट्यावर पसरतात. ८० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर, अर्धा सेकंद म्हणजे जवळपास ४००० ज्यूल, आणि ते सगळे एक-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावर. चकती थांबलेली असती तर तिथे खड्डाच पडला असता.

अर्ध्या बटणावर फिलामेंटही, म्हणजे कॅथोडची ती तार, पूर्ण तापतं. तसंच ठेवलं की टंगस्टनची वाफ होऊन काचेच्या आतून आरशासारखा थर बसतो, तार बारीक होत जाते आणि पुढे नळीत ठिणग्या पडू लागतात. चकतीची बेअरिंगंही विनाकारण झिजतात; निर्वातात त्यांना तेल देता येत नाही. सूचना आधी द्या, श्वास रोखायला सांगा आणि बटण एका दमात दाबा.

सकाळी थंड नळीवर एकदम मोठा एक्सपोजर (एका फोटोसाठी किरण सोडणं) देऊ नका. चकतीचा वरचा थर तापून फुगतो, आतला भाग थंडच राहतो, आणि तडा जातो. आधी कमी किलोव्होल्ट, कमी मिलिअँपिअरचे दोन-तीन एक्सपोजर, मध्ये थोडी विश्रांती. नेमके आकडे नळीच्या तक्त्यात असतात.

उन्हाळ्याचं कारण तेलात आहे. निर्वातातल्या चकतीची उष्णता मुख्यतः प्रारणाने नळीच्या भिंतीपर्यंत येते, तिथून नळीभोवतीच्या कवचातल्या तेलात, तेलातून हवेत. मे महिन्यात खोलीच ४४-४५ अंशांवर गेली तर तेल निवणार कुठे? ते फुगतं, सुरक्षा-स्विच दाबला जातो आणि मशीन थांबतं. तो स्विच वगळून, तारा थेट जोडून काम चालवायचं नाही. खोली थंड ठेवा, दोन कमरेच्या फोटोंमध्ये वेळ सोडा.

प्रश्न: केळीच्या बागांचे पंप चालू झाले की आमचे फोटो पांढरे येतात. स्टॅबिलायझर बसवूनही फरक नाही.
(दवाखाना, रावेर तालुका)

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये लाइनचा विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० झाला की नळीचे किलोव्होल्टही त्याच प्रमाणात, १३ टक्के घटतात. किरणांचं प्रमाण किलोव्होल्टच्या वर्गाने बदलतं, म्हणजे पाव हिस्सा गेला. शिवाय उरलेले किरण कमी भेदक. फिल्मपर्यंत पोचेस्तोवर जवळपास निम्मंच उरतं.

स्टॅबिलायझर मोटरवर चालणारा असेल तर तो सावरेपर्यंत ०.२ सेकंदाचा एक्सपोजर संपलेला असतो. आधी वायर बघा. १०० मिलिअँपिअरचं मशीन त्या क्षणी २५-३० अँपिअर ओढतं. मीटरपासून ५० मीटर लांब, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन एकटी वायरच १३-१४ व्होल्ट खाते. १० चौरसची टाकली तर पाच-सहा. दाबाचं मीटर नुसतं मशीन उभं असताना पाहू नका, एक्सपोजर चालू असताना सुई कुठवर पडते ते पाहा. नवं मशीन घ्यायचं असेल तर आधी वीज साठवून मग सोडणारं, बॅटरीचं किंवा कपॅसिटरचं घ्या.

प्रश्न: लेकराचा फोटो काढल्यावर खोलीत किरणं राहतात का? मी त्याला धरून उभी राहिले होते.
(गृहिणी, अमळनेर)

नाही राहत. नळीवरचा विजेचा दाब बंद झाला की इलेक्ट्रॉनांची धाव थांबते आणि त्याच क्षणी किरणही थांबतात. चादरीवर, भिंतीवर, बाळाच्या अंगात काही उरत नाही. फोटो चालू असतानाचा तेवढा क्षण मात्र बाळाच्या अंगावरून विखुरलेले किरण जवळच्या माणसापर्यंत येतात. म्हणून पुढच्या वेळी शिशाचा अ‍ॅप्रन मागून घ्या आणि हात मशीनच्या उजेडाच्या चौकोनाबाहेर ठेवा. दिवस गेलेले असतील, किंवा तशी शक्यता वाटत असेल, तर बाळाला दुसऱ्या कुणाला धरू द्या.