दोन शिफ्टमध्ये सतत भांडणं होतात, रिजेक्शन आलं की एकमेकांवर ढकलतात. टीम एकत्र कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये तुम्ही नुकतेच सुपरवायझर झालात. 8 सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी, धातू कातणारी मशीन), तीन शिफ्ट. बाद नग निघाले की दिवसपाळी रात्रपाळीचं नाव घेते आणि रात्रपाळी दिवसपाळीचं. आता एचआरवाले सगळ्यांना एका दिवसाच्या सहलीला न्यायचं म्हणतायत. सहलीला खुशाल जा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. हे भांडण स्वभावाचं आहे असं मला वाटत नाही. शिफ्ट बदलताना जी माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला हवी ती वाटेतच गळते, आणि गळालेल्या माहितीचा नग बनून सकाळी लाल बिनमध्ये पडतो.

तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. बाहेरचा व्यास 25 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±0.02. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलता येणारं पातं, झिजत जातो तसा व्यास वाढत जातो, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा मायनस ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) मारत राहतो. शिफ्ट संपेपर्यंत असे 30 मायक्रॉन (0.03 मिमी) साठलेले असतात. आता रात्री इन्सर्टचा कोपरा फिरवून नवी धार पुढे घेतली आणि हे 30 मायक्रॉन परत घ्यायचे राहिले, तर नग 24.97 ला जातो. व्यास मोठा राहिला तर रीवर्क करता येतं, लहान झाला की सरळ स्क्रॅप. रात्रीचा ऑपरेटर म्हणतो, मी फक्त इन्सर्ट बदलला. दिवसाचा म्हणतो, माझे नग ओके होते. दोघंही खरं बोलतायत. त्यांना समोरासमोर बसवून ‘एकमेकांचा आदर करा’ सांगून काहीही बदलणार नाही, कारण मधला आकडा कुणीच कुणाला सांगितलेला नाही.

दुसरं कारण थंड मशीन. शिफ्ट बदलताना मशीन अर्धा तास बंद राहिली की स्पिंडल आणि बॉलस्क्रू (मशीनचे फिरवणारे आणि सरकवणारे भाग) गार होतात आणि पहिल्या काही नगांची साइज पळते. नवा माणूस लगेच ऑफसेट मारतो. मशीन गरम झाली की तोच ऑफसेट साइज उलट्या बाजूला नेतो. मग ‘मागच्याने सेटिंग बिघडवून ठेवलं’ हा आरोप होतो. त्यामुळे वॉर्मअप सायकल चालवल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्या शिफ्टना सारखा हवा. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच येत नाही.

आता हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला मशीन सोपवणं, कसा करायचा ते सांगतो. तो मशीनजवळच व्हायला हवा. कँटीनमध्ये किंवा गेटवर झालेला हँडओव्हर धरू नका. दर मशीनला 3 मिनिटं पुरतात. जाणाऱ्याने पाच गोष्टी सांगायच्या: कोणता जॉब आणि किती नग झाले, इन्सर्ट किती नगांवर आहे, त्या कोपऱ्यावर आतापर्यंत एकूण किती ऑफसेट मारला, शेवटचा नग कितीला आला, आणि मशीन किंवा गेजमध्ये काय खटकलं. शेवटचा नग हातात द्यायचा आणि येणाऱ्याने तो आपल्या हाताने मोजायचा. दोघांच्या मापात 5 मायक्रॉनच्या वर फरक आला तर तिथेच मास्टरवर (पक्क्या मापाच्या तुकड्यावर) गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासायचं. निम्मी भांडणं इथेच मिटतात, कारण अनेकदा नग बरोबर असतो आणि दोन माणसांची मोजायची पद्धत वेगळी असते.

मग येणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. ‘इन्सर्ट 150 वर, ऑफसेट मायनस 30, बदलला की काढायचा.’ नुसतं ‘हो, समजलं’ चालणार नाही. वैमानिक कंट्रोल टॉवरचा आदेश परत म्हणतात तो याच कारणासाठी: ऐकणाऱ्याने काय ऐकलं हे बोलणाऱ्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही. सुरुवातीला माणसांना हे शाळेसारखं वाटेल. आठवडाभर तुम्ही स्वतः उभे राहा आणि आधी तुम्ही म्हणून दाखवा.

एवढं काटेकोर कशाला, असं कुणी विचारलं तर पायपर अल्फाचं सांगा. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या त्या तेलवायू प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि जागेवर नुसतं झाकण बसवलेलं होतं. कामाचा परवाना कागदावर होता, पण रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ती गोष्ट पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. गॅस गळून स्फोट झाला आणि 167 माणसं गेली. तुमच्याकडे तेल नाही, गॅस नाही, पण गार्डचा इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारी सोय) बायपास केलेली मशीन पुढच्या शिफ्टला न सांगता सोपवली तर एखाद्याचा हात जाऊ शकतो.

वेळेची अडचण येणार. आठ-आठ तासांच्या तीन शिफ्टमध्ये मधे जागाच नसते, आणि कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावर पाच मिनिटांत निघत असेल तर माणूस दहा मिनिटं आधीच हात धुवायला जातो. त्याला आळशी म्हणू नका, त्याला घरी जायचंय. बस दहा मिनिटं पुढे ढकलून घ्या. ही दहा मिनिटं पगारात धरून घ्या, फुकट मागू नका. एकाच कामावर दोन शिफ्ट एकाच वेळी लावण्यावर कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे ओव्हरलॅपची वेळ परस्पर ठरवू नका. मॅनेजमेंटकडून नीट करून घ्या. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांनाही तीच वेळ आणि तेच पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर हँडओव्हर फक्त कायम कामगारांपुरता उरतो.

तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल तर एक खड्डा लक्षात ठेवा. शुक्रवारी सकाळी येणाऱ्यासमोर मशीन सोपवणारा कुणी नसतो, आणि मशीनही पूर्ण थंड असते. सुट्टीआधीच्या शेवटच्या शिफ्टने पाचही गोष्टी लिहून, शेवटचा नग टॅग लावून मशीनवर ठेवायचा.

रजिस्टरची भाषा हा विषय सगळेच हलका समजतात. इंग्रजी रकाने असलेल्या रजिस्टरमध्ये बहुतेक जण ‘ओके’ लिहून मोकळे होतात. मराठीत आणि हिंदीत रकाने छापा, शब्दांऐवजी आकडे मागा, पान एकच ठेवा. मुलं ओडिशा-बिहारची असतील तर बोलताना हिंदी चालू द्या.

आता तुमच्या बोलण्याबद्दल. ‘रात्रीच्यांनी काय गोंधळ घातला?’ असं विचारलंत की उत्तर म्हणून सबबच येणार. असं विचारा: ‘काल 4 नंबरवर 11 नग अंडरसाइज गेले. इन्सर्ट दोनच्या सुमाराला बदललाय. तेव्हा ऑफसेट किती होता?’ मशीन, वेळ, आकडा. माणसाचं नाव प्रश्नात नको. वीस वर्षं मशीनवर असलेले सेटर काका असतील तर त्यांना सगळ्यांसमोर विचारूच नका. बाजूला जाऊन ‘काका, हे तुम्ही कसं पकडलं असतं?’ विचारा. बाद नगाचा फोटो नावासकट मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजच बंद करा. तो फोटो बघून पुढचा माणूस इन्सर्टबद्दल काही शिकत नाही, नग लपवायला मात्र शिकतो.

तुमच्या बोर्डवर शिफ्टवार रिजेक्शन लिहिलेलं असेल आणि त्यावर बक्षीस असेल, तर ते काढून मशीनवार आणि कारणवार लिहा. शिफ्टवार आकडा असेपर्यंत दोन टीम एकमेकींच्या विरुद्धच खेळणार.

आणि एक गोष्ट मॅनेजरना आधीच सांगून ठेवा: पहिल्या तीन-चार आठवड्यांत नोंदलेलं रिजेक्शन वाढण्याची शक्यता आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथली माणसं चुका सांगत होती. हे न सांगता सुरू केलंत तर दुसऱ्या आठवड्यात आकडा बघून वरून ओरडा येईल आणि सगळं बंद पडेल.

आठही मशीनवर एकदम सुरू करू नका. ज्या मशीनवर सगळ्यात जास्त बाद नग आहेत ती एकच घ्या, तिच्या तिन्ही शिफ्टच्या माणसांना विचारून पान बनवा, महिनाभर चालवा. दर आठवड्याला तीन पानं उचलून बघा. सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच वेळी भरलेले दिसले तर रागावू नका. त्या दिवशी शिफ्ट बदलताना तिथे जाऊन उभे राहा आणि बघा, माणसाला तीन मिनिटं खरोखर मिळतायत का.