मंगळसूत्रात अडकणारी चामखीळ आणि चुना-सोडा

आपण 'चामखीळ' म्हणतो आणि त्या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी भरतो. मानेवर लोंबणारा मऊ कण, मुलाच्या बोटावरचा खरखरीत उंचवटा, आजीच्या गालावरचे काळे ठिपके, सगळ्यांना चामखीळच. म्हणून शेजारणीची ज्या उपायाने गेली, त्याच उपायाने तुमचीही जाईल असं नसतं. बहुतेक वेळा तिची चामखीळ मुळातच निराळी असते. या महिन्यात घरगुती उपाय विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली चार घेते.

डॉक्टरताई, माझं वय ४४. मानेवर दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा चामखिळी आहेत. मंगळसूत्र अडकलं की ओढ बसते, कधी रक्त येतं. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. जाऊबाई म्हणतात, खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीने लाव, आठवड्यात गळतात. त्यांच्या गेल्या. लावू का? — एक वाचक भगिनी, तासगाव

ताई, लावू नका. नुसतं 'नको' म्हटल्याने तुम्ही थांबणार नाही हे मला माहीत आहे, कारण जाऊबाईंच्या खरंच गेल्या असणार. म्हणून आधी त्या वाटीत काय होतं ते सांगते.

खायचा चुना पाण्यात विझवलेला असतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही पाण्यात कालवले की खडूसारखा पांढरा गाळ खाली बसतो आणि वरच्या पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. हाच कॉस्टिक सोडा साबणाच्या कारखान्यात चरबीचा साबण करतो. तुमच्या मानेवरही तो तेच करतो: कातडीतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरतो. अ‍ॅसिडने भाजलं तर वर घट्ट खपली धरते आणि बर्‍याचदा ती त्याला पुढे जाऊ देत नाही. कॉस्टिकचं तसं नाही, ते मऊ करत करत खोल जातं, आणि आग कित्येकदा उशिरा होते. 'थोडं चुरचुरतंय, म्हणजे लागू पडतंय' असं वाटेपर्यंत बरंच आत गेलेलं असतं. सोड्याऐवजी पापडखार घेतला तरी प्रकार तोच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. लग्नाला अठरा दिवस उरले होते. रात्री लावून झोपली, एप्रिलचा महिना, घामाने ते मिश्रण ओघळलं आणि गळ्यापासून कॉलरच्या हाडापर्यंत बोटभर रुंदीची जखम झाली. जखम भरली, पण तिथे केलॉइड धरला, म्हणजे व्रणाची कातडी वाढतच गेली. मान, छाती, खांदा या जागा त्याला फार सोप्या. चामखीळ ज्वारीच्या दाण्याएवढी होती, केलॉइड करंगळीएवढा आहे. इंजेक्शनं घ्यायला ती अजूनही येते आणि उन्हाळ्यातही ओढणी गळ्याभोवती घट्ट घेऊन बसते. मला हा उपाय मनापासून नकोसा आहे, तो तिच्यामुळे.

कुणी आधीच लावून बसलं असेल तर: कोरडा चुना असेल तर आधी फडक्याने झटकून टाका, मग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. वरून लिंबू किंवा व्हिनेगर ओतून 'मारायला' जाऊ नका.

आता तुमच्या मानेवर काय आहे ते. तुम्ही लिहिता तशा मऊ, देठावर लोंबणार्‍या, कातडीच्याच रंगाच्या चामखिळींना आम्ही 'स्किन टॅग' म्हणतो. मान, काख, जांघ, छातीखाली, पापणीवर, म्हणजे जिथे कातडी कातडीला किंवा दागिन्याला घासते तिथे त्या येतात. वजन वाढलं, गरोदरपण आलं की वाढतात. त्या पसरत नाहीत, कुणाला लागत नाहीत, त्यांचा कॅन्सर होत नाही म्हटलं तरी चालेल. हळद, एरंडेल, कांद्याचा रस यांनी त्या जात नाहीत, पण नुकसानही नाही. आईने प्रेमाने हळद लावली तर लावू द्या. लसूण ठेचून वर पट्टी बांधणं मात्र नको, लसणाने रात्रीत फोड येतो. सफरचंदाच्या व्हिनेगरचा बोळा बांधून ठेवल्यानेही भाजतं.

एक जुना उपाय आहे त्याबद्दल खरं बोलायला हवं: घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं. माझी आजी सातार्‍याच्या स्टँडवरच्या टांगेवाल्याकडून केस मागून आणायची. केस देठाला आवळला की रक्त तुटतं, कण काळा पडतो, आठ-दहा दिवसांत गळतो. तत्त्व चुकीचं नाही. बारीक देठ असेल तर तो उपाय काम करतो, म्हणूनच इतकी वर्षं टिकला. पण तो केस निर्जंतुक नसतो, गाठ सैल बसली तर अर्धवट सडलेला कण पू धरतो, आणि बांधणार्‍याला तो स्किन टॅगच आहे हे कळेल याची खात्री नसते. दवाखान्यात हेच काम कात्रीने नाहीतर रेडिओफ्रीक्वेन्सीच्या सुईने होतं. दहा-बारा असतील तर एकाच बैठकीत, बधिर करून, अर्ध्या तासात. आठवड्याभरात खपल्या पडतात, पण आपल्या रंगाच्या कातडीवर डाग जायला दोनेक महिने लागू शकतात. म्हणून लग्न मे महिन्यात असेल तर फेब्रुवारीतच काढून घ्या, आणि खपल्या पडेपर्यंत मंगळसूत्र काढून ठेवा. पार्लरमध्ये काढू नका. तिथे एकच सुई किती जणींना लागली हे कुणी सांगत नाही, आणि काविळीचे बी आणि सी विषाणू सुईतून जातात.

आणि ताई, एक विनंती. काढण्याआधी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. मानेवर मागे कातडी काळसर, मखमलीसारखी जाड झाली असेल तर नक्कीच. पुष्कळ स्किन टॅग आणि ती काळसर मान, दोन्ही अनेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. सगळ्यांनाच मधुमेह असतो असं नाही. पण उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त निघालं, तर चामखीळ हा विषय मागे पडतो. त्याच्या थोडं अलीकडे निघालं, १०० ते १२५ किंवा ५.७ ते ६.४, तर खाण्या-चालण्याने परतवायला अजून वेळ आहे.

माझ्या आईच्या मानेवर अशाच चामखिळी होत्या. मान काळी होती, तिला वाटायचं घासून आंघोळ होत नाही म्हणून, आणि ती वज्रीने घासायची. मी तेव्हा मेडिकलच्या दुसर्‍या वर्षाला होते. मावशीने केस बांधून दिले, चामखिळी गेल्या, सगळे खूश. मधुमेह कळला तो नऊ वर्षांनी, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरल्यावर. मानेने इतकी वर्षं सांगितलं होतं, आमच्यातल्या कुणी ऐकलं नाही.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. बोटांवर आणि नखाच्या कडेला सात-आठ खरखरीत चामखिळी झाल्यात. आमची अंजिराची बाग आहे. वडील म्हणतात अंजिराचा चीक लाव, मजूर सांगतात रुईचा लाव. कुठला चांगला? — एक शेतकरी, सासवड

दादा, दोन्ही नको, पण दोन्हींची कारणं वेगळी.

ही खरी वार्ट, विषाणूची चामखीळ. जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळलेल्या चामखिळीच्या अर्कानेसुद्धा ती पसरते, म्हणजे तिच्यामागे विषाणू आहे, हे चुफो नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १९०७ मध्येच दाखवलं होतं. तिच्यात काळे बारीक ठिपके दिसतात, लोक त्याला 'बी' किंवा 'मूळ' म्हणतात. ते गोठलेलं रक्त असतं. नखं खाणार्‍या मुलांना ती नखाच्या कडेला होते, कारण दातांनी ती एका बोटावरून दुसर्‍यावर पेरली जाते. तुमचा मुलगा नखं खातो का बघा. खात असेल तर उपचार तिथून सुरू.

अंजिराच्या चिकात काहीतरी गुण आहे. इराणमध्ये त्यावर लहानसा अभ्यासही झाला आणि काहींच्या चामखिळी गेल्या. पण तोडणीच्या दिवसांत हाताला कशी खाज सुटते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. दहा वर्षांचं पोर चीक लावून सावलीत बसेल का?

रुईचं तर नावच काढू नका. मारुतीला शनिवारी माळ घालतो तीच रुई. तिचा चीक बोटावरून डोळ्यात गेला की बुबुळ आतून सुजतं आणि दृष्टी धूसर होते. वाईट भाग असा की दुखतं फार कमी, म्हणून घरचे 'होईल बरं' म्हणून थांबतात. मुलं डोळे चोळतात. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

मग करायचं काय? काही न करणं हाही उपचार आहे. मुलांमधल्या साधारण दोन-तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, शरीर विषाणूला ओळखायला शिकलं की. माझ्या लहानपणी आजीने मिठाचे सात खडे माझ्या हातावरून ओवाळून विहिरीत टाकले होते आणि चार महिन्यांनी चामखिळी गेल्या. मीठ विरघळलं तशी चामखीळ विरघळली, असं ती सांगायची. वेळ झाली होती, इतकंच. पण तिने मला भाजलं नाही, आणि चिकाच्या तुलनेत मला तिचं मीठ कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

थांबायचं नसेल तर औषधाच्या दुकानात साधारण १७ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं द्रावण मिळतं. घरी करण्यासारखा, पुरावा असलेला उपाय हाच. रात्री हात पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, वरची पांढरी झालेली कातडी जुन्या नेलफाइलने हलकी घासा (ती फाइल दुसर्‍या कुणाला नको), भोवती व्हॅसलीन लावा, मग काडीने एकच थेंब चामखिळीवर. रोज, बारा आठवडे. लोक दहाव्या दिवशी सोडतात आणि औषधाला नाव ठेवतात. चेहर्‍यावर आणि लघवीच्या जागी हे औषध लावायचं नाही, आणि मधुमेही माणसाच्या पायाला तर नाहीच.

चंदेरी चिकटपट्टीबद्दलही (डक्ट टेप) विचारतात म्हणून सांगते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पट्टीने ८५ टक्के जणांच्या चामखिळी गेल्या, गोठवण्याने ६० टक्के. मोठी आशा वाटली. पुढे २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर पाहिलं, तेव्हा पट्टीने १६ टक्के आणि नुसत्या कॉर्नपॅडने (कुरपावर लावायच्या मऊ गादीने) ६ टक्के, म्हणजे ठाम काही म्हणता येईना. इजा नाही, मुलाला गंमत वाटत असेल तर लावू द्या.

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गालांवर काळे, उंच ठिपके वाढत चाललेत. त्यांच्या बहिणीलाही आहेत. काही लावावं का? — बेळगाव

घरात बहिणीलाही आहेत आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढताहेत, म्हणजे बहुधा वयाप्रमाणे आणि घराण्याने येणारे निरुपद्रवी ठिपके आहेत. आपल्या सावळ्या चेहर्‍यांवर फार दिसतात. काही लावू नका, लिंबू तर मुळीच नाही. सासूबाईंना स्वतःला नकोसे वाटत असतील तरच काढा. सुनेला नकोसे वाटतात म्हणून नको. त्यातला एखादाच इतरांपेक्षा वेगळा, मोत्यासारखा चकाकणारा किंवा मधे खड्डा पडून खपली धरणारा असेल तर तेवढा दाखवून घ्या.

वय ६१. उसाची शेती. डाव्या टाचेखाली काळी चामखीळ पाच-सहा महिन्यांपासून वाढतेय. कुरूप समजून ब्लेडने तासली, नंतर बिब्बा गरम करून लावला. आता ओलसर राहते, चपलेला डाग पडतो. दुखत नाही. आणखी काय लावावं? — कोपरगाव

काका, आता काहीही लावायचं नाही. ब्लेड नाही, बिब्बा नाही. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, कधीकधी लावलं तिथेच नाही तर अंगभर, आणि खालचं मूळ दुखणं त्या फोडांखाली झाकून टाकतं.

कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की दुखते. कुरपावरून पायाच्या रेषा तशाच पुढे जातात, चामखीळ त्या रेषा तोडते. तुमच्या पत्रात मात्र काळा रंग आहे, वाढ आहे, ओल आहे आणि दुखणं नाही. चपलेच्या दाबाने चामखिळीत रक्त गोठलं तरी असं दिसू शकतं, आणि तेच निघावं असं मला वाटतं. पण मेलानोमा नावाचा तिळाचा कॅन्सर आपल्या लोकांत क्वचित होत असला, तरी झाला तर पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, आणि कुरूप म्हणून तासण्यात त्याचे महिने जातात. तो लवकर सापडला तर काढून टाकता येतो.

अंक छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून पत्र वाचलं त्याच दिवशी मी काकांना फोन केला. सूनबाईंनी उचलला. बिब्बा लावल्याचं डॉक्टरांना लपवायचं नाही, आणि नुसतं बघून मलम दिलं तर 'तुकडा तपासणीला पाठवाल का' असं स्वतःहून विचारायचं, हे त्यांनी लिहून घेतलं. सोमवारी जातो म्हणालेत. ते पाठवतील तो रिपोर्ट मी स्वतः वाचणार आहे.