गाणं बाबांचं, नाव लेकीचं

प्रश्न : माझं वय 44. कॉलेजपासून रॉक आणि जॅझ ऐकतो, मित्रही तसेच, कानाचे पक्के. पण एकटा असलो की मी अ‍ॅबा या स्वीडिश पॉप बँडचं ‘डान्सिंग क्वीन’ लावतो, कधी कधी लागोपाठ तीनदा. मागच्या महिन्यात दोन मित्र गाडीत असताना फोन आपोआप ब्लूटूथला जोडला गेला आणि नेमकं तेच गाणं लागलं. ते हसले. मी पटकन म्हणालो, “पोरीचं आहे.” सोळा वर्षांची मुलगी मागेच बसली होती. ती काही बोलली नाही. तेव्हापासून ते गाणं लावायला हात होत नाही. या वयात असलं ‘गिल्टी प्लेझर’, म्हणजे लाजत जपलेली आवड, बाळगणं बालिशपणाचं आहे का?

उत्तर : नाही. हे गाणं तर अजिबातच बालिश नाही. मी गेली बावीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करते, म्हणून आधी गाण्याबद्दल बोलते, मग मुलीबद्दल.

आज रात्री चांगले हेडफोन लावा आणि फक्त पहिलं मिनिट ऐका. पियानोच्या पट्ट्यांवरून सर्रकन हात फिरतो आणि गाणं ध्रुवपदाच्या ऐन मध्यावर उघडतं. एरवी कडव्यातून चढत चढत जिथे पोचायचं असतं, तिथेच आपल्याला आणून सोडलेलं असतं. कडवं नंतर येतं, आणि ते चालू असताना आपण मघाची ती उंची पुन्हा कधी येते याची वाट बघत राहतो. 2011 साली माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आवडती जागा येण्याच्या आधी, नुसत्या वाट बघण्यातही मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं. तुम्ही लागोपाठ तीनदा लावता त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

मग आवाज ऐका. अ‍ॅबाच्या दोन गायिका, आग्नेता आणि फ्रीडा, एकत्र गातात, पण कानाला दोघींपेक्षा कितीतरी जास्त जणी वाटतात. त्यांचे ध्वनिमुद्रक मिकाएल त्रेतोव एकाच भागाचे थर एकमेकांवर चढवत आणि टेपचा वेग किंचित बदलत. त्या केसभर फरकामुळे आवाजाला भरीवपणा येई. हे कष्टाचं काम आहे. मी करून पाहिलंय, नीट जमायला दिवस जातात.

आता शब्द. ती नाचणारी सतरा वर्षांची मुलगी स्वतः गात नाही. कुणीतरी तिच्याकडे बघत, तिला ‘तू’ म्हणत गातंय. गाणं 1976 साली आलं तेव्हा आग्नेता 26 वर्षांची होती आणि फ्रीडा तिशीची. नुसता वाद्यांचा ट्रॅक ऐकूनच रडू आलं होतं, असं फ्रीडाने सांगितलं आहे. सतरा वर्षं मागे टाकलेल्या माणसाचं हे गाणं आहे. ते 44 व्या वर्षी भिडलं तर ते अगदी योग्य वयात भिडलं, असं मी म्हणेन.

मग लाज कुठून आली? ती गाण्यात नव्हती, गाडीत होती. मी एकोणीस वर्षांची असताना असंच एक पॉप गाणं गुणगुणत केबल गुंडाळत होते. स्टुडिओतले एक ज्येष्ठ थांबले, म्हणाले, “असलं ऐकतेस?” एवढंच. पुढची सात वर्षं मी ते गाणं लावलं नाही. त्या सात वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. आणि नाकं कुठल्या संगीताला मुरडली जातात तेही बघा : मुलींना आवडतं ते, नाचता येतं ते. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला. डिस्को वाढलं होतं कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत. तो राग नुसत्या ठेक्यावरचा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं.

अ‍ॅबाला 2010 साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळालं. मित्रांना हे सांगून तुम्ही सुटू शकाल, पण कृपा करून तसं करू नका. आवडीला दाखला लागत नाही.

अपराधी वाटावं अशी गाणी असतात. ठेका जबरदस्त आणि शब्दांत बाईची विटंबना, असं एक गाणं मी स्वतः सोडलं, आणि ते जड गेलं. तुमचं तसं काहीच नाही.

तुम्हाला खुपतंय ते त्या दोन शब्दांचं, “पोरीचं आहे.” हसू तुमच्या वाट्याचं होतं, ते तुम्ही तिच्याकडे सरकवलंत आणि तिने ते मुकाट्याने घेतलं. तिला एकटीला गाठून सांगा, “त्या दिवशी मी खोटं बोललो, गाणं माझं होतं.” मग ते मोठ्याने लावा, आणि ध्रुवपद मधूनच कसं सुरू होतं ते तिला ऐकवा. मित्रांना पुढच्या फेरीत सांगा, मुलगी गाडीत असताना.