साखर वाढवली तर जुलाब वाढतात का?

प्रश्न : जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देतात. नुसतं पाणी का पुरत नाही? आणि ताकद यावी म्हणून साखर वाढवली तर?

उत्तर : पाणी स्वतःहून कुठे जात नाही, ते क्षारांच्या आणि साखरेच्या मागे जातं. आतड्याच्या पेशीपटलात एक वाहक प्रथिन असतं. ते साखरेतल्या ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडियमचे दोन आयन एकदमच आत घेतं. एकटं कुणालाच नाही. दोघं आत गेले की परासरणाने पाणी मागोमाग शोषलं जातं. कॉलरात आतडं पाणी बाहेर टाकत असतं, तेव्हाही हे दार चालू राहतं. सगळी मदार त्यावरच आहे.

प्रमाण : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. ‘सपाट’ महत्त्वाचं, शीग भरली की हिशेब बिघडतो. साखर जास्त झाली तर न शोषलेली साखर आतड्यातच राहते आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते. म्हणजे जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक म्हणूनच नको. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम वाढतं, आणि लहान मुलांत ते धोक्याचं.

घरच्या मिश्रणात पोटॅशियम नसतं, त्यामुळे ओआरएसचं पाकीट केव्हाही सरस. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. मूल सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा उलट्यांमुळे काही टिकत नसेल तर लगेच दवाखाना.